सुभेदार, रविवारी मी मागं असेन

सुभेदार,

आज शुक्रवार. दुपारी कुसरवाडीहून परत आलो आणि सायकल न धुताच लिहायला बसलोय. तुम्ही असता तर आधी सायकल धुवायला लावली असती. "जनावर आन् सायकल, आदी त्येंचं बगायचं, मग आपलं," हे तुमचं वाक्य मला पाठ आहे आणि आज मी ते मोडतोय. चेनला डोंगराची लाल माती तशीच चिकटलीय. राहू दे आजच्या दिवस.

तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले. उसाला पाणी पाजता पाजता बांधावर बसलात आणि उठलाच नाहीत, असं वहिनींनी सांगितलं. त्यावर मी काही लिहिणार नाही. तुम्ही फौजेत काय केलंत, कुठे कुठे होतात, हे तेराव्याला माइकवरून सगळ्यांनी सांगून झालंय. त्यातलं निम्मं ऐकलं असतं तर तुम्हीच मंडपातून उठून गेला असता. मला वेगळं बोलायचंय. तुम्ही जाण्याआधी तीन आठवडे आपलं बोलणं बंद होतं. म्हणजे मी बंद केलं होतं. ते आता मीच सुरू करतोय. ऐकून घ्या.

परवा रविवारी राइड आहे. तुम्ही आखलेली, सातही वाटांची, बेचाळीस जणांची. तुमची बातमी आल्यावर आपल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर दोन दिवस हात जोडलेली चित्रं येत होती. मग सूचना सुरू झाल्या. कुणी म्हणालं, सुभेदार नाहीत तर यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. कुणी म्हणालं, हँडलला काळी फीत बांधून साताऱ्यात एक फेरी मारू, डांबरी रस्त्यानं, श्रद्धांजली म्हणून. मला असा संताप आला म्हणून सांगू! जो माणूस डांबरी रस्त्याला "म्हशीची पाठ" म्हणायचा, त्याला डांबरावरून श्रद्धांजली? मी लिहिलं, राइड होणार, ठरल्या दिवशी, सुभेदारांच्या कागदाप्रमाणे. त्यावर अंगठे आले चाळीस. लिहून झालं आणि मग माझ्या लक्षात आलं, की राइड व्हायची असेल तर त्याआधी मला एक गोष्ट करावी लागणार. वर्षभर टाळलेली.

तिच्याकडे येतो. आधी तुमच्या कागदाबद्दल.

अकरा वर्षांपूर्वी तुम्ही मला पहिल्यांदा भेटलात तेव्हा मी पाटणच्या वरच्या डोंगरात वाट चुकून एका खडकावर बसलो होतो. हातात महागडा जीपीएस, पायात महागडे बूट, बाटलीत पाण्याचा थेंब नाही. तुम्ही झाडीतून सायकल ढकलत वर आलात. कॅरियरला कोयता बांधलेला, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटच्या आत टॉवेल. म्हणालात, "काय सायेब, यंत्र काय म्हंतंय?" मी म्हणालो, यंत्र म्हणतंय इथं वाट आहे. तुम्ही खाली वाकून बघितलंत. "हाय की. पर ढोरांची हाय. ती पाण्यावर जाती, गावात न्हाई." मग तुमच्या पिशवीतली चपाती, ठेचा आणि पाणी. शिरवळच्या कारखान्यात मायक्रॉनमध्ये मापं घेणारा माणूस मी, आणि मला गुराची वाट आणि माणसाची वाट यांतला फरक कळला नव्हता, हे तुम्ही पुढची अकरा वर्षं दर नव्या सायकलवाल्याला सांगत होतात. ओळख करून द्यायची तुमची पद्धतच ती.

त्या डोंगरावर, पाटणची हद्द संपून तुमचा शिराळा तालुका सुरू होतो त्या धारेच्या दोन्ही अंगांना, आपण सात वाटा जुळवल्या. मी म्हणायचो नेटवर्क, तुम्ही म्हणायचात जाळं. आणि प्रत्येक वाट आखायची तुमची रीत ठरलेली. पहिल्यांदा सायकल न्यायची नाही. पायी जायचं, आणि तेही खालून वर. "जी वाट चढून बगितली न्हाई, ती उतरू ने." मी म्हणायचो, सुभेदार, आपण उतारासाठीच तर येतो, चढायला जिने आहेत की घरी. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात आणि काठी घेऊन पुढं. मग साखर कारखान्याच्या कॅलेंडरचं पान, जुन्या महिन्याचं, त्याच्या पाठीवर निळ्या पेनानं नकाशा. वळणांना नावं. एका धनगरणीनं ताक दिलं ते ताकाचं वळण. मी तोंडावर पडून पुढचा दात घालवला तो मिलिंदाचा दात. आता कराडची नवी पोरंही "दाताला भेटू" म्हणतात. या तालुक्यांत माझं दुसरं स्मारक होईल असं वाटत नाही.

आणि शेवटी, वाटेत लागणाऱ्या प्रत्येक वाडीत जाऊन बसायचं. चहा घ्यायचा, तारीख सांगायची, कितीजण येणार ते सांगायचं. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. वनखात्याचा परवानगीचा कागद खिशात असताना आणखी कुणाला कशाला विचारायचं? "डोंगर सरकारचा आसंल," तुम्ही म्हणायचात, "वाट वाडीची हाय."

राइडला माणसं कशी लावायची, याचाही तुमचा नियम होता. पुढचा कोणीही चालेल, ज्याला वाट माहीत आहे तो. मागला मात्र विचार करून निवडायचा. मागल्याच्या गळ्यात शिट्टी. एक वाजली की सगळे थांबणार, दोन वाजल्या की सगळे आले, चला. मागल्यानं दर वळणावर थांबायचं आणि मागं वळून बघायचं. अकरा वर्षं मी पुढं असायचो आणि मागले तुम्ही. एकदा मी चिडवलं होतं, "सुभेदार, तुम्ही सगळ्यात शेवटी, मग दर वळणावर मागं काय बघता? तुमच्या मागं कोण असणार, बिबट्या?" तुम्ही म्हणालात, "बगितल्याबिगर कसं कळंल?"

आता कुसरवाडी.

सातवी वाट आपल्या जाळ्यातली सगळ्यात देखणी, यावर तरी आपलं एकमत होतं. धारेवरून सुटते, दोन घसरड्या टप्प्यांवरून खाली येते आणि कुसरवाडीच्या वर वाघजाईच्या देवराईत शिरते. जांभूळ, अंजनी, हिरडा, दिवसाही कंदील लागावा अशी सावली. तीनशे पावलं लांबीची, तुम्ही मोजलेली. मुळांच्या पायऱ्या, मऊ माती आणि मधोमध एक असं वळण की सायकलवाल्याच्या तोंडाला पाणी सुटावं. आणि नेमकी तीच तीनशे पावलं बसून जायची नाहीत. वाडीची रीत. देवराईतून कुणी बसून जात नाही. पूर्वी बैलगाडीवाला उतरायचा, लग्नातला नवरदेव घोड्यावरून उतरायचा, मुंडावळ्या सावरत चालत जायचा. आता मोटारसायकलवालाही इंजिन बंद करून ढकलत नेतो.

यावरून आपण किती भांडलो! तुम्ही देवाला हात जोडताना मी कधी पाहिलं नाही. वहिनी सत्यनारायणाला बोलवायच्या तेव्हा तुम्ही गोठ्यात. म्हणून तर माझा जीव जायचा. मी म्हणायचो, तुमचाच विश्वास नाही तर आम्ही का उतरायचं? उतार जमणारा माणूस पाय टेकत नाही, ते कमीपणाचं आहे. तुम्ही म्हणायचात, "देवीचा इषय न्हाई गड्या. ज्येंच्या घरात आपुन शिरतो त्येंचा हाय. त्येंच्या उंबऱ्यात चप्पल काढतो का न्हाई?" त्यावर मी आवाज चढवायचो, हे तुम्हाला माहीत आहेच.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका मंगळवारी मी रजा टाकली आणि एकटाच गेलो. तुम्हाला न सांगता. सातवी वाट वरपासून खालपर्यंत मारली आणि देवराईत उतरलो नाही. मुळांवरून, त्या वळणावरून, एकदाही पाय न टेकता. खोटं कशाला बोलू, आयुष्यात त्याच्याइतका सुंदर उतार मी कधी मारलेला नाही. खाली आल्यावर एकटाच ओरडलो. आणि मग त्या उताराची नोंद सायकलवाल्यांच्या अ‍ॅपवर टाकली. नकाशा, उंची, वेग, सगळं. वर नाव दिलं, "गुप्त उतार".

गुप्त! सगळ्या जगाला दाखवून गुप्त.

दोन आठवड्यांनी पुण्याकडची सहाजणं तो नकाशा फोनवर लावून आली. त्यांना रीत कुठून माहीत असणार? बायजाक्का, देवीचा दिवा ज्यांच्याकडे असतो त्या, डोक्यावर गवताचा भारा घेऊन देवराईतून वाडीकडं निघाल्या होत्या. वळणावर मागून सायकली आल्या. आक्का बाजूला झाल्या त्या थेट मुळांवर पडल्या. मनगट मोडलं. ती पोरं थांबली, घाबरली, त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. पोरांची चूक एवढीच, की त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला.

मी त्याच दिवशी अ‍ॅपवरची नोंद पुसली. वाडीनं त्याच दिवशी देवराईच्या दोन्ही तोंडांना काटेरी फांद्या लावल्या. आणि वाडीची बैठक बसली तेव्हा तुम्ही मला फोन केलात, "चल, सायकलवाल्यातर्फे आपुन दोघं जाऊ."

शाळेच्या ओट्यावर आपण शेजारी शेजारी बसलो होतो. माझा गुडघा तुमच्या गुडघ्याला लागत होता. बायजाक्का हात गळ्यात बांधून समोर. कुणीतरी विचारलं, "ही वाट त्या पोरास्नी दावली कुनी?" बोलायचंच होतं मला, सुभेदार, शपथेवर सांगतो. तोंड उघडेपर्यंत तुम्ही बोलून गेलात, "वाट ह्या डोंगरात मी आनली. म्हंजी मीच दावली म्हना." नंतर अर्धा तास ती माणसं तुम्हाला बोलत होती आणि तुम्ही खाली मान घालून ऐकत होतात. छातीवर पदकं मिरवलेला माणूस! मी शेजारी बसून ओट्याच्या फरशीवरच्या भेगा मोजल्या.

परत येताना गाडीत तुम्ही त्यावर चकार शब्द काढला नाहीत. कोयनानगरकडं भूकंपाच्या वेळी म्हणे विहिरींचं पाणी कसं हललं होतं, ते मला सांगत बसलात. मी हूं हूं करत राहिलो. त्या घाटात मला बोलता आलं असतं. कराडच्या चहाला बोलता आलं असतं. नंतरच्या अकरा महिन्यांत बोलता आलं असतं. तुम्ही दर पंधरवड्याला कुसरवाडीला जायचात, ओट्यावर बसायचात, आक्कांच्या हाताची चौकशी करायचात, मनगट सांधल्यावर त्यांच्या घराची कौलं बदलून दिलीत. मी मात्र दर वेळी कारखान्यातलं काहीतरी काम पुढं करायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, ते मी वर्षभर भोगलं.

यंदा दसऱ्यानंतर तुमचा फोन आला. आवाजात हसू होतं. "गड्या, काटं काडलं! आता राइड आखू." मला इतका आनंद झाला की क्षणभर सगळं विसरलो. मग तुम्ही माणसं लावलेली वाचून दाखवलीत. पुढं कराडची प्राजक्ता. मागला, मिलिंद. आणि सुभेदार कुसरवाडीत ओट्यावर बसणार.

मी म्हणालो, "मी मागं? मी?" तुम्ही म्हणालात, "व्हय." मी विचारलं, का. तुम्ही म्हणालात, "तुलाच ऱ्हायला पायजे." आणि मी भडकलो. अकरा वर्षं पुढं राहिलेल्या माणसाला तुम्ही शेपटाला बांधता? माझे गुडघे गेले असं वाटतं का? की ही पोरगी माझ्यापेक्षा बरी चालवते? नको नको ते बोललो. तुम्ही एवढंच म्हणालात, "कागद पाठवतो. सावकाश वाच." मी फोन ठेवला.

कागद आला. शिराळ्याहून सुटणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडं दिलेला, कॅलेंडरच्या पानाची गुंडाळी, वरून दोरी. मी सातारा स्टँडवरून ती घेतली आणि घरी येऊन कपाटावर टाकली. उघडली नाही. मुद्दाम. तुम्ही फोन कराल, मग मी बोलेन, असं मनाशी धरून बसलो. तुम्ही फोन करणाऱ्यातले नव्हताच. कागद पाठवला की तुमच्याकडून विषय संपला.

तेराव्याहून घरी आलो त्या दिवशी ती गुंडाळी काढली. दोरी साधी नव्हती. शिट्टीची होती. गुंडाळीच्या पोटात तुमची शिट्टी होती, फौजेतली, पितळी, तोंडाशी दातांच्या खुणा पडलेली.

मी किती मूर्ख माणूस आहे, ते तेव्हा मला कळलं. मला शेपटाला बांधलं म्हणून मी भांडलो होतो. अकरा वर्षं त्या जागेवर कोण होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तुम्ही मला तुमची जागा देत होतात आणि मी तुमच्यावर खेकसत होतो. त्या दिवशी मी रडलो, सुभेदार. आमच्या घरात सगळ्यांनी बघितलं. असो.

शिट्टी मी वहिनींना परत द्यायला गेलो. म्हटलं, त्यांच्याकडे राहावी. वहिनी चुलीपुढं होत्या. वळूनही न बघता म्हणाल्या, "ती हितं ठिवून काय करू, कोंबड्या हाकू? त्येनी तुमास्नी दिलीया न्हवं? मग वाजवा." आणि मग थोड्या वेळानं, "सायकलबी न्या. गंजून जाईल. त्येंचा जीव हुता तिच्यात." त्यांचे डोळे कोरडे होते. मला वाटतं त्या घरात रडायचं काम माझ्यासारख्या पाहुण्यांवर सोपवलं होतं.

पण मागला म्हणून तुमची शिट्टी गळ्यात घालून मी त्या देवराईच्या तोंडाशी कसा उभा राहणार? कुठल्या तोंडानं बेचाळीस जणांना उतरा म्हणणार? म्हणून आज कुसरवाडीला गेलो. तुमची सायकल घेऊन. जड आहे हो तुमची सायकल! त्या कॅरियरसकट तुम्ही ती अकरा वर्षं या डोंगरावर कशी चढवलीत?

ओट्यावर पाच-सातजण जमले. बायजाक्का आल्या, भिंतीला टेकून बसल्या. मनगट अजून थोडं वाकडंच आहे. सरपंचांनीच सुरुवात केली, "सायेब, काटं काडलं ते सुभेदाराच्या शब्दावर. त्यो म्हनला हुता, मागं मिलिंद ऱ्हाईल, देवराईच्या तोंडाला थांबंल, येकबी मानूस बसून जानार न्हाई. आता शब्द देनाराच ऱ्हायला न्हाई. मग आमी काय धरायचं?"

म्हणजे हे असं होतं. माझं नाव तुम्ही वाडीला जामीन ठेवलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं.

मी उभा राहिलो. बसून ते बोलता येणार नव्हतं. म्हणालो, "आक्का, त्या पोरांना वाट सुभेदारांनी दाखवली नाही. मी दाखवली. त्याआधी दोन आठवडे मी एकटा आलो होतो. देवराईतून बसून गेलो. आणि ते सगळ्यांना दिसेल असं फोनवर टाकलं. ते बघून ती पोरं आली. तुमचं मनगट माझ्यामुळं मोडलं. गेल्या वर्षी मी इथंच बसलो होतो आणि बोललो नाही."

खाली कुणाची तरी शेळी ओरडत होती. बायजाक्का माझ्याकडं बघत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "खरं बोलाया सुभेदाराला मराय लागलं व्हय रं?"

आत्तापर्यंत त्या मला सायेब म्हणत होत्या. तिथून पुढं अरे-तुरे. सुभेदार, मला आयुष्यात पुष्कळ लोक पुष्कळ काही बोलले आहेत. हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि विसरू नयेच.

मी म्हणालो, "हो आक्का."

त्यांनी वाकडं मनगट दुसऱ्या हातानं चोळलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "म्हंजी त्यो माग तुजा हुता."

मी विचारलं, कसला माग?

"दिवाळी झाल्यावर मी दिवा लावाया गेले तर सुभेदार देवराईत उकिडवा बसल्याला. ओल्या मातीत चाकाचा माग हुता, ह्यो येवडा रुंद. त्यो फांदी घेऊन पुसत हुता. वरपास्नं खालपातूर, सगळी तीनशे पावलं. मला वाटलं ह्येच बसून गेला आन् आता लपवतोय. लय बोलले मी त्याला. म्हनलं, फौजेतला मानूस आन् चोरावानी पुसतूस? त्यो म्हनला, चुकलं आक्का. येवडंच."

एवढा रुंद. आपल्यात तेवढं रुंद टायर एकट्या माझं. "ट्रॅक्टरचं चाक लावलंय सायेबांनी," म्हणून तुम्ही ज्याला हसायचात, तेच. म्हणजे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. ओट्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसला होतात तेव्हा माहीत होतं, घाटात विहिरींच्या गोष्टी सांगत होतात तेव्हा माहीत होतं. तुम्ही वाट बघत होतात. मी आपणहून बोलेन म्हणून अकरा महिने वाट बघितलीत आणि वाट बघता बघता मला शिट्टी देऊन गेलात.

मला तुमचा रागही आला, सुभेदार. सांगून टाकतो. एक थोबाडीत मारली असतीत तर मी वर्षापूर्वी मोकळा झालो असतो. माझं पाप तुम्ही का पुसलंत? कुणी सांगितलं होतं? हे भांडण मला तुमच्याशी समोरासमोर करायचं होतं, चांगलं तासभर, आवाज चढवून. आता ते अर्धं माझ्याकडेच राहणार.

बायजाक्का उठल्या. "चल," म्हणाल्या.

कुठं, असं मी विचारलं नाही. तुमची सायकल घेऊन त्यांच्या पाठोपाठ निघालो. सरपंच आणि बाकीचे ओट्यावरच थांबले. आम्ही पायवाटेनं देवराईच्या वरच्या अंगाला गेलो. काटे काढून बाजूला रचलेले होते. "मी फुडं," त्या म्हणाल्या, "तू मागं. ढकलत ने."

बूट काढून कॅरियरला अडकवले. त्यांनी सांगितलं नव्हतं, तुमचं उंबऱ्याचं बोलणं आठवलं. सायकल धरून चालायला लागलो. गेल्या वर्षी मी इथून किती सेकंदांत गेलो होतो, तो आकडा मला पाठ आहे. आज बराच वेळ लागला. बसून जाताना मला फक्त मुळं दिसली होती. तुमच्यासोबत ढकलत गेलो तेव्हा सगळं लक्ष उतरावं लागल्याच्या रागात असायचं. आज सावकाश चालताना कळलं, की त्या देखण्या वळणाच्या आतल्या बाजूला पाण्याचा झरा आहे आणि त्याला कुणीतरी दगडांनी कडं केलंय. वरून वेगानं येणाऱ्याला झऱ्यावर वाकलेला माणूस दिसूच शकत नाही. तुम्ही ही वाट खालून वर, बघत बघत चालला होतात. म्हणून तुम्हाला ते ठाऊक होतं. मला तुम्ही देवीबद्दल कधीच सांगत नव्हतात, या झऱ्यावर वाकणाऱ्या माणसांबद्दल सांगत होतात, आणि मला ते आज असं चालल्याशिवाय कळलं नाही.

तीनशे पावलं झाली. खालच्या तोंडाशी उजेडात आलो. मी विचारलं, "आक्का, रविवारी येऊ?"

"या. पर रविवारीबी फुडं मीच चालनार. बगू तुजी बेचाळीस मानसं माज्या चालीनं चालत्यात का." त्यांनी पदर खोचला. "आन् तू मागं."

"मी मागं," मी म्हणालो आणि बूट घालून सायकलवर टांग टाकायला निघालो.

"आरं!" आक्का ओरडल्या. "मागं बगितलंस का? सुभेदार कवा बगितल्याबिगर जायचा न्हाई."

मी टांग खाली घेतली. वळलो. देवराईतली वाट सरळ दिसत होती, वळणापर्यंत. मातीत एका चाकजोडीचा माग होता, तुमच्या सायकलचा, आणि त्याच्या शेजारी माझ्या अनवाणी पायांच्या खुणा. त्या पुसायला आता कुणी येणार नव्हतं आणि पुसायची गरजही नव्हती. वाटेवर कुणीच नव्हतं. मी तरी बराच वेळ बघत राहिलो.

"वाजव की," आक्का म्हणाल्या.

शिट्टी तोंडात धरली. तुमच्या दातांच्या खुणा माझ्या दातांना लागल्या. दोन शिट्ट्या म्हणजे सगळे आले, चला. सगळे आलेले नव्हते, सुभेदार. तरी मी दोनदा वाजवली.